सिलेक्शन इफेक्टला 'निवडदोष' म्हणावं का?

दीर्घ (2 सेकंदांहून लांब चाललेल्या) गॅमा किरण स्फोटांवर मराठीत लिहितोय आणि सिलेक्शन इफेक्टपाशी गाडी अडलीय, म्हणजे काहीच स्फोट आपल्या यादीत येतात, बाकीचे निसटतात आणि चित्र एकांगी होतं ते. 'निवडदोष' लिहिलं तर वाटतं शास्त्रज्ञांनीच काहीतरी घोळ घातला, 'निवड-परिणाम' वाचून निवडणुकीचा निकाल आठवतो, आणि 'अभिनती' (बायस) कोणाला कळणार? तुम्ही काय वापरता?

—

'दोष' नकोच, इथे कोणी बसून निवडतच नाही. मुळात स्फोटाचा झोत आपल्या दिशेने हवा, मग स्विफ्ट उपग्रहाच्या डिटेक्टरचा पट्टा साधारण 15 ते 150 केईव्ही (फोटॉनच्या ऊर्जेचं एकक), त्यात तो उंबरठा ओलांडून वर यायला हवा, मग जमिनीवरच्या दुर्बिणींकडे तेव्हा रात्र हवी, ढग नकोत, चंद्र शेजारी नको, आणि आफ्टरग्लो (स्फोटामागून रेंगाळणारी चमक) इतका तेजस्वी हवा की स्पेक्ट्रम निघेल, तेव्हा कुठे रेडशिफ्ट (प्रकाश लालकडे किती सरकला, त्यावरून अंतर) कळतो. स्विफ्टच्या स्फोटांपैकी जेमतेम एक तृतीयांशांचाच कळलाय. एकाखाली एक लावलेल्या चाळण्याच आहेत या, मी सरळ 'चाळणी-परिणाम' लिहितो.

—

'चाळणी' छान आहे पण 'निवड'वरचा आक्षेप पटला नाही, नैसर्गिक निवडीत तरी कोण बसलंय निवडायला? तो शब्द आपण पचवलाच ना.

माझ्या मते दोन शब्द ठेवा आणि दोन वेगळ्या गोष्टींना वापरा. परिणाम हा निरीक्षणात असतो. उदा. जीआरबी 980425 (जीआरबी म्हणजे गॅमा किरण स्फोट, आकडा त्याच्या तारखेचा, 25 एप्रिल 1998), रेडशिफ्ट फक्त 0.0085, म्हणजे या हिशोबात अगदी शेजारचा, आणि इतका मंद की बराच लांब असता तर कळलाच नसता. म्हणून लांबच्या यादीत सगळे तेजस्वीच दिसतात, खगोलशास्त्रज्ञ मालमक्विस्टचं नाव दिलेला हा प्रकार जुनाच आहे आणि त्यात कोणाची चूक नाही. दोष येतो तो निष्कर्षात.

यजमान दीर्घिकांचं (ज्यांत स्फोट झाला त्यांचं) बघा ना. सुरुवातीला चित्र असं होतं की दीर्घ स्फोट लहान, निळ्या, कमी धातूंच्या दीर्घिकांमध्येच होतात (खगोलवाल्यांना हीलियमच्या पुढचं सगळं धातूच, ऑक्सिजनसुद्धा). पण दीर्घिका सापडायची कशी, तर दृश्य प्रकाशातल्या आफ्टरग्लोवरून, आणि जिथे धूळ जास्त तिथे तोच गिळला जातो. या 'डार्क' स्फोटांच्या दीर्घिका नंतर एक्स-रे आणि इन्फ्रारेडच्या मदतीने शोधल्या तर त्यातल्या बऱ्याच मोठ्या आणि लालसर निघाल्या. गंमत म्हणजे ही चाळणी बाजूला केल्यावरही जवळच्या स्फोटांचा कमी धातूंकडचा ओढा पुरता गेला नाही, म्हणजे जुनं चित्र सगळंच चाळणीचं नव्हतं.

—

उपायाला काय शब्द? स्विफ्टच्या नोंदींतून काढलेला बॅट6 सारखा नमुना, त्यात आधीच अट घातली की स्फोट ठराविक तेजापेक्षा वरचा आणि जमिनीवरून बघायला सोयीचा हवा, रेडशिफ्ट मिळाला की नाही ते बघायचंच नाही. 58 स्फोट उरले पण त्यातल्या सुमारे 90 टक्क्यांचे रेडशिफ्ट मिळाले. याला 'पूर्ण नमुना' म्हणतात पण वाचकाला वाटतं सगळे स्फोट आले, तेव्हा 'अटीपुरता पूर्ण' लिहा.

—

अहो पण 'दीर्घ'चं काय? आखूड आणि दीर्घ वेगळे करणारी 2 सेकंदांची रेषा बॅट्सी या स्विफ्टच्या आधीच्या उपकरणाच्या नोंदींवरून 1993 मध्ये आली आणि टी90 म्हणजे मोजलेल्या फोटॉनांपैकी 5 ते 95 टक्के यायला लागलेला वेळ, इथे 'मोजलेल्या' महत्त्वाचं. लांबचा स्फोट विश्वाच्या प्रसरणाने ताणला जातो खरा, पण त्याची मंद शेपटी नॉइजमध्ये बुडते आणि उलट आखूड दिसू शकतो. तोच स्फोट दुसऱ्या डिटेक्टरला वेगळ्या लांबीचा. शिवाय 211211ए चांगला दीर्घ होता आणि मागे किलोनोव्हा (अशा विलीनीकरणानंतरची चमक) सापडला, म्हणजे दीर्घ स्फोटात नेहमी मानलं जाणारं ताऱ्याचं कोसळणं नाही, दोन अतिघन ताऱ्यांचं विलीन होणं. तेव्हा 'दीर्घ'च्या आधी 'दिसायला' जोडा एवढंच सुचवतो.

—

'दिसायला दीर्घ' प्रत्येक ओळीत नाही जमणार, पहिल्यांदा येईल तिथे टाकतो. बाकी निरीक्षणाला 'निवड-परिणाम', निष्कर्षाला 'निवडदोष', आणि चाळणी उदाहरणात. डार्कला 'काळे स्फोट' केलं तर कृष्णविवराशी गोंधळ होईल म्हणून 'डार्क'च ठेवतोय, कोणाकडे बरा शब्द असेल तर टाका.