मंजूर भार आणि पूररेषा, दोन्ही बघा

खिडकीबाहेर एसीचं आउटडोअर युनिट लावायला सोसायटीचं ना-हरकत पत्र पुरे, असं म्हणतात. ते पटतं, पण विजेचा विषय कुणीच काढत नाही. बिलावर ‘मंजूर भार’, म्हणजे घराला एका वेळी किती वीज खेचायची परवानगी आहे तो आकडा, लिहिलेला असतो, तो आधी बघा. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट खेचतो, आणि जुन्या घरांचा भार कित्येकदा तेवढाही नसतो. महावितरणकडे भारवाढीचा अर्ज ऑनलाइन करता येतो.

आणि सांगलीत गावभागासारख्या पूरपट्ट्यात राहत असाल तर युनिट जोत्यालगत अजिबात बसवू नका. मेकॅनिकला सोपं पडतं म्हणून तो आग्रह धरतो. २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीतली खालची युनिटं गेली. जाळीत गाळ वाळून दगड झाला होता. ब्रॅकेट पहिल्या मजल्याच्या उंचीवरच ठोकून घ्या.