अनुभव धागा : 'हे वाचलंय का तुम्ही?'

कुणी पुस्तक सुचवलं म्हणून झालेली ओळख, किंवा सुचवलं म्हणून बिघडलेलीसुद्धा. नुसत्या याद्या नकोत, त्या ढिगाने पडल्यात. कुणाला सुचवलं, का, आणि पुढे काय झालं ते लिहा. सुरुवात माझ्यापासून.

मला याद्या पाठवायची खोड होती. कुणी "काय वाचू?" म्हणायचा अवकाश, वीस नावं तयार. एका ताईंना अशीच पाठवली. "बघते" म्हणाल्या. वर्षभराने विचारलं तर एकही वाचलं नव्हतं. तेव्हा कुठे सुचलं विचारायला, की तुम्ही वाचता तरी कधी? म्हणाल्या, बाळ मांडीवर झोपलं की. एका हातात पुस्तक, पान अंगठ्याने उलटायचं, जरा हललं की ते जागं. आणि मी त्यांना सहाशे पानी कादंबऱ्या सांगत होतो! मग 'स्मृतिचित्रे' सुचवलं. लक्ष्मीबाईंचे प्रसंग आटोपशीर, एक झाला की मिटून ठेवता येतं. त्यानंतर जवळजवळ रोज एका ओळीचा निरोप यायचा : "आज टिळक पुन्हा न सांगता निघून गेले."

*

माझं बिघडलेल्यांपैकी. एका मैत्रिणीची आई गेली. ओळख नवीन, काय बोलावं कळेना, म्हणून मी 'श्यामची आई' सुचवलं. वर साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात कसं लिहिलं हेही ऐकवलं. पुस्तकाची सगळी माहिती होती मला, तिची काहीच नव्हती. "सध्या आई नको," एवढंच उत्तर आलं. दोन महिने शांतता. मग तिनेच विचारलं, ज्यात कुणी कुणाचं नसतं असं काही आहे का? मी बुद्धिबळाच्या डावांचं पुस्तक पाठवलं. तिला बुद्धिबळ येत नव्हतं. शिकली. आता मला हरवते.

*

'कोसला' मी तीनदा सोडलं. दर वेळी चाळिसाव्या पानाच्या आसपास. "वाचलं नाहीस?" असं डोळे मोठे करून विचारणाऱ्यांमुळे तर जास्तच चीड. शेवटी एका अनोळखी वाचकाला खरं सांगून टाकलं. त्यांनी पुस्तकाची बाजू घेतली नाही, नेमाडे पंचविशीत होते वगैरे पुराणही लावलं नाही. म्हणाले, "मनी जाते तिथपर्यंत वाच. मग हवं तर फेकून दे." वाचलं. त्या रात्री त्यांना लिहायला बसलो, चार ओळी लिहून खोडल्या. त्यांनाही धाकटी बहीण होती, हे पुढे कधीतरी कळलं.

*

अहो, मनी जाते हे सांगून टाकलंत की! मी आत्ता कुठे वसतिगृहापर्यंत आलेय.

*

पुस्तक १९६३ चं आहे ताई, साठ वर्षं वाट पाहिली. तरी चुकलंच. माफी.

*

मी ग्रंथालयात काउंटरवर बसते. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यात प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक अशी दोन आहेत. परीक्षेला पाठ केली होती. ती खरी कळली ती परत आलेल्या पुस्तकांमधून. पान दुमडू नका अशी पाटी आहे, तरी दुमडतात, आणि घडी पंचविसाव्या पानावर असली की मी समजते. म्हणून "काय आवडतं?" असं विचारतच नाही. त्यावर सगळे भारदस्त नावं सांगतात. "शेवटचं अर्धवट कोणतं सोडलं आणि कुठे?" हे विचारते. त्यावर कुणी सहसा खोटं बोलत नाही.

*

वरचा प्रश्न मला कुणी विचारला असता तर वर्ष वाचलं असतं. माझं शिक्षण इंग्रजीत, मराठी वाचायचा वेग गोगलगायीचा. सांगितलं की लोक बालवाङ्मय पुढे करायचे. पस्तिशीच्या माणसाने चिऊकाऊ वाचायचं! एका काकांनी 'बनगरवाडी' दिलं. लहानसं पुस्तक, माडगूळकरांची वाक्यं छोटी, आणि मास्तरही त्या गावात माझ्यासारखाच नवखा. न कळलेले शब्द रोज रात्री काकांना पाठवायचो. 'तालीम' कळला नाही असं मात्र वाटलंच नाही, कारण मला वाटलं कळलाय. गावकरी नाटक बसवतायत अशा समजुतीत बरीच पानं गेली. मग भिंती उभ्या राहायला लागल्या. काका अजून मला "काय, तालीम कुठवर आली?" असंच विचारतात.

*

डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर मला वाचायची बंदी होती. एका पुस्तकवेड्या गृहस्थांशी जेमतेम चारदा बोलणं झालेलं. ते म्हणाले, मी फोनवर वाचतो, तुम्ही ऐका. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघालेला भटजी थेट बंडाच्या धुमाळीत सापडतो. पुस्तक छापलं गेलं १९०७ मध्ये. रोज रात्री चार पानं. जुनी भाषा, लांबलचक वाक्यं, ते मध्येच अडायचे, "थांबा हं, पुन्हा घेतो" म्हणायचे. झाशीच्या लढाईच्या पानांवर त्यांचा आवाज बसला तेव्हा मला वाटलं सर्दी झाली असेल. चेहरा मी अजून पाहिलेला नाही. बंदी उठून बराच काळ झाला, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

*

त्यांना माहीत असणार हो.

*

मी सहसा नुसता वाचणारा, सुचवायच्या भानगडीत पडत नाही. पण विचारतो, तुमच्या त्या फोनवर तिसऱ्याला जागा आहे का? मीही अडखळत का होईना, दोन पानं वाचेन.

*

विचारलं त्यांना. "या" म्हणाले. सध्या दुसऱ्यांदा चाललंय, भटजी अजून घरून निघायचे आहेत. रात्री साडेनऊला.