लहान मुलांसह दिवाळी: अभ्यंगस्नान, किल्ला आणि फटाके यांचे काय करावे?

प्रश्न

आम्ही ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगी चार वर्षांची आहे आणि मुलगा दीड वर्षाचा. आजवर दिवाळीला कोकणात सासरी जात असू आणि तेथे सर्व आयते होत असे. यंदा सासू-सासरे आमच्याकडे येणार असल्यामुळे वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सर्व काही याच घरी व्हायचे आहे. मुलांना सण कळावा ही मनापासून इच्छा आहे, परंतु तीन गोष्टींवर अडले आहे. नरकचतुर्दशीला मुलांनाही पहाटे चारला उठवावे असा सासूबाईंचा आग्रह आहे आणि झोपमोड झाली की धाकटा दिवसभर किरकिर करतो. यजमानांना किल्ल्याची हौस आहे, पण अंगण नाही, केवळ लहानशी गॅलरी आहे. आणि मुलीला फटाक्यांच्या आवाजाची इतकी धास्ती आहे की लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती पलंगाखाली जाऊन बसते. ज्यांच्या घरी या वयाची मुले आहेत किंवा होती, त्यांनी काय ठेवले आणि काय सोडले?

प्रतिसाद: एक आजी, सातारा

अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी व्हावे एवढाच मूळ संकेत आहे आणि दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे सूर्योदय साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान होतो, त्यामुळे मोठ्यांची स्नाने आधी उरकून मुलीला साडेपाचला उठवले तरी काहीही बिघडत नाही. हे सासूबाईंना घड्याळासह सांगून पाहा. बहुधा त्यांची हरकत राहणार नाही. धाकट्याला मात्र झोपू द्यावे. तो उठेल तेव्हा त्याला पाटावर बसवून तेलाचे बोट लावावे, कोमट पाण्याने न्हाऊ घालावे आणि ओवाळावे.

मुलीला उठवण्यापूर्वी पाटाभोवती रांगोळी, शेजारी तेवती पणती आणि वाटीत कोमट तिळाचे तेल अशी तयारी ठेवावी. उटणे आदल्या दिवशी तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून पाहावे, कारण नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा ही द्रव्ये चांगली असली तरी विकतच्या पुडीत आणखी काय मिसळले असेल ते सांगता येत नाही. चेहऱ्याला ते लावूच नये. न्हाणीघराची फरशी तेलाने निसरडी होते, म्हणून पाटाखाली जाड पंचा घालावा. कोकणातली मंडळी येणार आहेत म्हणजे कारीट फोडणे आलेच, आणि खरे सांगायचे तर मुले उठतात ती त्याच ओढीने. तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने ते फोडायचे आणि ‘गोविंदा’ म्हणून ओरडायचे, एवढ्या लालचीवर आमची नातवंडे हाकेसरशी उठत. त्यानंतर दूधपोहे, दहीपोहे, गूळपोहे असा थाट असला की सासूबाईही खूश होतील.

प्रतिसाद: किल्लेवेडा बाबा, पुणे

गॅलरीत किल्ला उत्तम होतो. जुन्या प्लास्टिकच्या कागदावर विटा आणि पालथे डबे रचून डोंगराचा आकार द्यावा, त्यावर पातळ चिखलात बुडवलेले गोणपाट पसरावे आणि वरून मातीचा हात फिरवावा. माती रोपवाटिकेतून खत न मिसळलेली घ्यावी, कारण धाकटा ती तोंडात घालणार हे गृहीत धरलेले बरे. हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी पेरतात. अळीव भिजवून टाकू नये, तो बुळबुळीत होऊन त्याचे गोळे होतात. ओल्या मातीवर कोरडाच भुरभुरावा आणि हाताने पाणी शिंपडत राहावे. चार-पाच दिवसांत कोंब दिसू लागतात, म्हणून वसुबारसेच्या आधी तेवढा अवकाश ठेवून काम सुरू करावे. पाणी शिंपडण्याचे काम पूर्णपणे मुलीकडे द्यावे आणि ती जास्त पाणी घालून एखादा बुरूज वाहून नेईल तेव्हा गप्प राहावे.

याच ठिकाणी बहुतेक घरांत घोटाळा होतो. बाबा नकाशा काढून बसतात, संजीवनी माचीची दुहेरी चिलखती तटबंदी हुबेहूब साधण्याच्या नादात रात्र जागवतात आणि मुलगी ‘हात लावू नकोस’ एवढेच ऐकत बाजूला उभी राहते. चार वर्षांच्या मुलीला राजगडाच्या तीन माच्यांचे काय कौतुक? तिच्यासाठी रायगड घ्यावा आणि हिरकणीची आख्यायिका सांगावी: दरवाजे बंद झाल्यावर घरी तान्हे बाळ आहे म्हणून अवघड कड्यावरून उतरून गेलेली आई तिला लगेच कळते. नाहीतर मोठ्या परातीत पाणी घालून सिंधुदुर्ग उभा करावा. १६६४ साली समुद्रातल्या खडकावर त्याचे बांधकाम सुरू झाले हे मोठेपणी कळेल, आज होड्या सोडता आल्या तरी पुरे. सिंहासनावर महाराजांना बसवण्याचा मान तिचाच. मातीचे छोटे मावळे दीड वर्षाच्या मुलाच्या घशात अडकू शकतात, ते त्याच्या हाताला लागणार नाहीत असे वर मांडावेत, आणि परातीतल्या पाण्यापाशी त्याला क्षणभरही एकटे सोडू नये.

जाता जाता, २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले समाविष्ट झाले. त्यांत ठाण्याहून एका दिवसात पाहून येण्याजोगा लोहगडही आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलीला घेऊन जावे.

प्रतिसाद: परिचारिका, नाशिक

भीती मोडण्यासाठी मुलीला फटाक्यांजवळ ओढत नेऊ नये आणि पाहुण्यांसमोर तिची थट्टाही होऊ देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत फटाके वाजवण्यासाठी रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली. सगळीकडे ती पाळली जाते असे नाही, तरीही त्या दोन तासांत खिडक्या लावून तिच्या आवडीचे काही काम आजोबांबरोबर काढता येईल. पणत्यांच्या वाती वळणे किंवा आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या चिकटवणे यात वेळ चांगला जातो.

फुलबाजी निरुपद्रवी आहे हा समज मात्र सोडावा. तिचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि भाजलेली जी लहान मुले आमच्याकडे येतात त्यांत विझलेल्या तारेवर पाय पडलेलीही असतात. तार लगेच पाण्याच्या बादलीत टाकावी, मुलांना सुती आणि अंगासरशी बसणारे कपडे घालावेत. भाजलेच तर वीस मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली धरावे आणि डॉक्टरांना दाखवावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. फराळाबाबतही एक सूचना: चिवड्यातले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप धाकट्याच्या ताटलीत जाऊ देऊ नयेत. त्याला बेसनाचा लाडू कुस्करून द्यावा.

प्रतिसाद: न्यू जर्सीहून

किल्लेवेड्या बाबांशी सहमत. आजींच्या मताला मात्र एक पुस्ती जोडते. येथे नरकचतुर्दशी कामाच्या दिवशी आली की अनेक घरांत अभ्यंगस्नान शनिवारी ढकलले जाते, आणि मला ते पटत नाही. फराळ, भेटीगाठी, मंडळाचा कार्यक्रम खुशाल शनिवारी करावा, पण ती एक पहाट त्या दिवशीच साजरी व्हावी. शाळेच्या बसपूर्वी अर्धा तास पुरतो.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. सासूबाईंशी फोनवर बोलले. मुलीसाठी साडेपाच त्यांना मान्य आहे, धाकट्याचे मात्र ‘तेव्हाचे तेव्हा पाहू’ असे उत्तर मिळाले. यजमानांनी परातीतल्या सिंधुदुर्गाला होकार दिला आहे, नकाशा काढायचा नाही या अटीवर. आता ठाण्यात कारीट कोठे मिळेल तेवढे कोणी सांगावे.

प्रतिसाद: एक आजी, सातारा

दिवाळीच्या आधी दोन-तीन दिवस मंडईत रांगोळी आणि उटणे विकणाऱ्या बायकांकडे विचारा. नाहीतर सासूबाईंना गावाहून चार जास्तीची आणायला सांगा; शेजारची मुलेही मागायला येतील.