सुनेच्या माहेरची वंशावळ: नॉर्थ कॅरोलायनाचा डोंगराळ भाग, 1850च्या मागे जाता येईना

मीनल_कॅरी

सुनेच्या आजोबांकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ॲपलाचियन डोंगरात शेती करणारी. गाव म्हणावं असं काही नाही, ओढ्याकाठची घरं, आजची एव्हरी काउंटी. मका, डुकरं, दोन-चार गाई आणि थोडी तंबाखू. नातवंडांसाठी नीट, पुराव्यानिशी वंशावळ लिहून ठेवायची आहे. नुसती ऑनलाइन झाडं उतरवून काढायची नाहीत, कारण त्यात एकाच माणसाला तीन वेगवेगळे बाप दिसतात.

हाती आहे ते असं. सुनेच्या खापरपणजोबांचं नाव जॉन, जन्म अंदाजे 1856, लग्न 1878, मिचेल काउंटीत. विवाह नोंदवहीत आईवडिलांचे रकाने कोरे. मृत्यू दाखला 1920च्या दशकातला आहे, पण माहिती जावयाने दिलेली आणि वडिलांच्या नावापुढे ‘माहीत नाही’. 1880च्या जनगणनेत शेजारशेजारच्या दोन टाउनशिपमध्ये (काउंटीचे लहान विभाग) त्याच नावा-आडनावाचे दोन जॉन आहेत, एक 24 वर्षांचा, एक 25. 1860मध्ये यान्सी काउंटीत 4 वर्षांचे दोन जॉन, एक विल्यम नावाच्या माणसाच्या घरी, दुसरा पॉली नावाच्या एकट्या बाईच्या घरी.

प्रश्न तीन. एव्हरीत 1911 आधीचं काहीच का सापडत नाही? हे दोन जॉन वेगळे कसे करायचे? आणि घरात ‘एक पणजी चेरोकी (इथल्या मूळ रहिवाशांची एक जमात) होती’ असं सांगतात, ते तपासता येतं का? सुनेची डीएनए चाचणी झाली आहे, पण तिचे जुळणारे लोक कागदावरच्या नात्यापेक्षा फारच जवळचे दिसतात.

दप्तरखाना

मीनलताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. कुटुंब हललं नाही, काउंटीची हद्द हलली. एव्हरी ही राज्यातली शंभरावी आणि शेवटची काउंटी. ती 1911मध्ये मिचेल, वॉटॉगा आणि कॉल्डवेलचे तुकडे जोडून झाली. मिचेल 1861ची, त्यातला मोठा भाग यान्सीचा. यान्सी 1833ची, ती बर्क आणि बन्कोंबमधून निघाली. म्हणजे टो नदीच्या वरच्या अंगाला एकाच घरात राहिलेल्या माणसाचे कागद न्यूलँड, बेकर्सव्हिल, बर्न्सव्हिल आणि मॉर्गन्टन अशा चार कचेऱ्यांत असू शकतात. नवी काउंटी झाली तरी जुनी दस्तांची पुस्तकं सहसा जुन्या कचेरीतच राहिली. जनगणनेत तर एव्हरी 1920लाच पहिल्यांदा दिसेल, कारण 1910ची मोजणी झाली तेव्हा ती अस्तित्वातच नव्हती. घर बॅनर एल्कच्या बाजूला असेल तर वॉटॉगा (1849) आणि त्याआधी ॲश (1799) बघा.

बर्कबद्दल आधीच सावध करते. यादवी युद्धात, 1865च्या एप्रिलमध्ये, उत्तरेच्या (युनियनच्या) स्टोनमनच्या घोडदळाने मॉर्गन्टनच्या कोर्टातले बरेच कागद नष्ट केले. त्यामुळे 1833 आधीचं वारसाचं किंवा दस्ताचं तिथे मिळालं नाही तर ‘नोंद नव्हतीच’ असा निष्कर्ष काढू नका. त्या काळासाठी राज्याने दिलेल्या जमीन-अनुदानाच्या फायली जास्त कामाच्या, कारण त्या राजधानीत, रॅलेत होत्या आणि वाचल्या.

जनगणनेचं एक ध्यानात ठेवा. घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव 1850पासून, कुटुंबप्रमुखाशी नातं मात्र 1880पासून. 1860मध्ये विल्यमच्या घरात 4 वर्षांचा जॉन आहे म्हणून तो विल्यमचा मुलगाच असं ठरत नाही. भाचा, पुतण्या, नातू, सांभाळलेलं पोर, काहीही असू शकतो. 1890ची जनगणना 1921च्या आगीत जवळजवळ सगळी गेली. 1900ची मात्र सोन्यासारखी: जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला किती मुलं झाली, त्यातली हयात किती. दोन्ही जॉन 1900मध्ये शोधा आणि बायकोचं नाव व लग्नाची वर्षं 1878शी ताडून पहा. तुमचा जॉन कुठल्या ओढ्यावर होता एवढं तिथेच पक्कं होईल.

सातबारा_ते_डीड

दोन जॉनचा गुंता नावाने सुटणार नाही, जमिनीने सुटेल. या डोंगरात विल्यम, जॉन, जेम्स, डेव्हिड अशी पाच-सहा नावं प्रत्येक घरात फिरतात. कागदावर ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ दिसलं तरी ते बापलेकच असं नाही. एकाच भागातल्या सारख्या नावाच्या थोरल्या-धाकट्या माणसांनाही तसं लिहीत. जमिनीचा तोच तुकडा मात्र सहसा दोन्ही जॉनच्या नावावर नसतो.

सुरुवात 1880च्या शेतकी पुरवणीपासून करा. ती लोकसंख्येच्या यादीहून वेगळी आहे. शेतकरी मालक आहे, रोख खंडाने कसतो की वाट्याने, लागवडीखाली किती एकर, जंगल किती, दुभत्या गाई किती, मका किती बुशेल, सगळं त्यात आहे. एक जॉन मालक आणि दुसरा वाटेकरी निघाला तर दोघांच्या कागदांचे गठ्ठे तिथेच वेगळे होतात.

मग दस्तांची अनुक्रमणिका. देणाऱ्यांची वेगळी, घेणाऱ्यांची वेगळी, दोन्ही बघायच्या. जॉनला जमीन कोणाकडून आली हे शोधताना खरेदीखत न सापडणं हाच मोठा सुगावा असतो. त्याने विकत घेतलेलं कुठेच नाही आणि तरी विकली, म्हणजे बहुधा वारशाने आली. बाप मृत्युपत्र न करता गेला की मुलांचा अविभक्त हिस्सा व्हायचा. मग एकेक भावंड आपला वाटा एका भावाला विकायचं. अशा दस्तात ‘एक-नवमांश अविभक्त हिस्सा’ असं लिहिलेलं असतं. तो शब्द दिसला की समजा, नऊ वारस आहेत आणि उरलेले आठ दस्त शोधायचे आहेत. विकत घेणाऱ्या भावाचं नाव घेणाऱ्यांच्या अनुक्रमणिकेत धरा, पुढची वीस वर्षं चाळा. बहिणींची लग्नानंतरची नावं आणि नवऱ्यांची नावं तिथेच मिळतात. पुष्कळ दस्त सही झाल्यावर वीस-तीस वर्षांनी नोंदवलेले असतात, म्हणून नोंदणीच्या तारखेवर जाऊ नका, आतली तारीख वाचा.

भावंडांचं जमलं नसेल तर प्रकरण कोर्टात गेलेलं असतं. 1868नंतर हे सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडच्या ‘स्पेशल प्रोसीडिंग्ज’मध्ये शोधायचं. वाटणीच्या अर्जात सगळे वारस, त्यांची वयं, कोण टेनेसीला गेला, कोण मेला आणि त्याची मुलं कोण, हे ओळीने लिहिलेलं असतं. असा एक अर्ज दहा जनगणनांना भारी.

आता पॉली. पॉली हे मेरीचं घरगुती नाव, तेव्हा ‘मेरी’ही शोधा. तसंच पॅट्सी म्हणजे मार्था, सॅली म्हणजे सारा, पेगी म्हणजे मार्गारेट. पॉली विधवा असेल तर यान्सीच्या ‘कोर्ट ऑफ प्लीज अँड क्वार्टर सेशन्स’च्या इतिवृत्तात नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिला वर्षभराचं धान्य-मांस तोडून दिल्याची नोंद असते. मुलांसाठी पालकाचा जामीन असतो. त्या काळच्या कागदात बाप नसलेल्या मुलाला अनाथच म्हणत, आई जिवंत असली तरी. गरीब पोराला 21 वर्षांपर्यंत कोणाकडे कामाला बांधून देत, त्याचेही करारनामे आहेत. पॉलीचं लग्नच झालं नसेल तर अनौरस मुलाच्या खर्चाचा जामीन शोधा, त्यात बापाचं नाव येतं. नवरा जून 1859 ते मे 1860 मध्ये वारला असेल तर 1860च्या जनगणनेच्या मृत्यू पुरवणीत (त्या वर्षभरात वारलेल्यांची यादी) सापडेल.

शेवटचं, मोजणीचे नकाशे. अनुदानाच्या फायलीत अर्ज, वॉरंट, मोजणी आणि सनद अशा चार पायऱ्या असतात. मोजणीच्या कागदाच्या तळाशी मोजणीची साखळी धरणाऱ्या दोघांची (‘चेन कॅरियर’) नावं असतात. ते बहुतेक वेळा घरचेच, मुलगा, भाऊ, जावई किंवा शेजारी. तो कोपरा कधीही न वाचता सोडू नका. चतुःसीमा अशी असते: ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून उत्तर 45 पूर्व, 80 पोल, चेस्टनटपर्यंत, वगैरे, परत सुरुवातीला. एक पोल म्हणजे 16.5 फूट, 160 चौरस पोलचा एक एकर. 100 बाय 80 पोलचा तुकडा बरोबर 50 एकर. ग्राफ पेपरवर किंवा प्लॉट काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकृती काढा आणि शेजाऱ्यांचे तुकडे तिला जोडत न्या. 1:24,000च्या सरकारी नकाशावर 80 पोल जेमतेम 1.7 सेंटीमीटर भरतात, म्हणून आधी मोठ्या प्रमाणात काढून मग लहान करा. आकृती बंद झाली नाही तर घाबरू नका. उतारावर साखळी ढिली धरलेली असते. उत्तरही होकायंत्राची, आणि ती दोनशे वर्षांत काही अंश सरकली आहे, तेव्हा सगळी आकृती थोडी फिरवून ओढ्यावर बसवा. खुणेची चेस्टनटची झाडं जागेवर शोधू नका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बुरशीच्या रोगाने ती सगळी गेली.

वेदांत_नॉक्सव्हिल

वरच्या दोघांनी कागदांचं छान सांगितलंय. मी डीएनए आणि चेरोकीबद्दल लिहितो.

जुळणारे लोक जास्त जवळचे दिसतात कारण तेच पूर्वज झाडात दोन-तीन वाटांनी येतात. एका खोऱ्यात पाच-सात घराणी, दोन भावांची दोन बहिणींशी लग्नं, मग त्यांच्या नातवंडांची आपसात लग्नं. दुय्यम चुलत भावंडांत (ज्यांचे पणजोबा एक) सरासरी 230 सेंटिमॉर्गनच्या (डीएनएच्या सामाईक भागाचं माप) आसपास, तिसऱ्या पायरीला 75च्या आसपास सामाईक असतं, पण इथे हे आकडे फुगतात. म्हणून एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब सलग तुकडा बघा. बेरीज 90 आणि लांब तुकडा 14 असेल तर ते एक जवळचं नातं नसून अनेक लांबच्या नात्यांची गोळाबेरीज असण्याची शक्यता जास्त. सुनेऐवजी तिच्या आजोबांच्या पिढीतलं कोणी हयात असेल तर त्यांची चाचणी आधी करा. प्रत्येक पिढीला निम्मी माहिती गळते.

विल्यमचा जॉन की पॉलीचा, यासाठी वाय-डीएनए (फक्त बापाकडून मुलाकडे जाणारा) उपयोगी पडेल. पण ती चाचणी तेच आडनाव पुरुष-परंपरेने आलेल्या माणसाचीच हवी. म्हणजे त्या बाजूचा चुलतभाऊ चालेल, आतेभाऊ नाही. विल्यम आणि पॉलीचा नवरा सख्खे भाऊ असतील तर हीसुद्धा काही सांगणार नाही. पैसे घालण्याआधी तेवढं तपासा.

चेरोकी पणजीची गोष्ट दक्षिणेतल्या असंख्य घरांत आहे, आणि घरच्यांना ती मनापासून खरी वाटते, म्हणून हळुवार तपासा. ‘एक टक्का’ असा चाचणीचा आकडा पुरावा धरू नका. ग्विऑन मिलर यादीसाठी (चेरोकींची एक सरकारी यादी) 1906-07मध्ये 45 हजारांहून जास्त अर्ज आले, त्यातले पुष्कळ याच डोंगरांतल्या गोऱ्या शेतकऱ्यांचे. अर्ज फेटाळला गेला असला तरी वाचा, कारण अर्जदाराने आजी-आजोबा, काका-मावशा, सगळ्यांची नावं आणि राहण्याची ठिकाणं लिहिलेली असतात. त्याच्याही मागे चेरोकींची 1835ची हेंडरसन यादी आहे. ईस्टर्न बँडच्या (नॉर्थ कॅरोलायनातल्या चेरोकी गटाच्या) सदस्यत्वाचा आधार 1924ची बेकर यादी. यांत नाव नसेल आणि जनगणनेत त्या बाईला सलग गोरी लिहिलं असेल, तर वंशावळीत ‘कुटुंबात असं सांगतात’ एवढीच नोंद करा.

आणखी एक, यादवी युद्ध. 1860चा विल्यम लढाईच्या वयाचा असेल तर दोन्ही बाजू बघा. 1862मध्ये मिचेल काउंटीत 58वी नॉर्थ कॅरोलायना पायदळ पलटण कॉन्फेडरेट (दक्षिणेच्या) बाजूने उभी राहिली. याच डोंगरांतले कितीतरी जण नंतर कर्क नावाच्या अधिकाऱ्याच्या 3ऱ्या माउंटेड इन्फंट्रीत युनियनकडून लढले, काही जण आधी इकडे आणि मग तिकडे. युनियन सैनिकाच्या विधवेची पेन्शन फाइल वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये मिळते. लग्न आणि मुलांचे जन्म सिद्ध करायला तिने सुइणीची, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं दिलेली असतात, कधी घरच्या जन्म-लग्नांच्या नोंदी असलेलं बायबलचं फाडलेलं पानसुद्धा. कॉन्फेडरेट पेन्शन राज्याची, ती रॅलेला. तुम्ही कॅरीत आहात, स्टेट आर्काइव्ह्ज जवळच आहे.

मीनल_कॅरी

सगळ्यांचे खूप आभार. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवरच्या संपूर्ण-मजकूर शोधात नाव आणि ‘रोअरिंग क्रीक’ हे ओढ्याचं नाव टाकल्यावर 1893चा एक दस्त मिळाला. जॉन आणि बायको विकणारे, घेणारा त्याच आडनावाचा, आणि हिस्सा 1/27. बायकोचं नाव 1878च्या लग्नाशी जुळतं. सत्तावीस भावंडं तर नसतील! शिवाय बायकोला ‘खासगीत विचारलं’ असं काहीतरी लिहिलं आहे.

सातबारा_ते_डीड

उत्तम सापडलं. 1/27 म्हणजे एक-नवमांशाचा एक-तृतीयांश. नऊ वारसांपैकी एक आधीच वारलेला, त्याच्या तीन मुलांत त्याचा वाटा फुटला, आणि जॉन त्या तिघांतला एक. म्हणजे जमीन जॉनच्या बापाची नाही, आजोबांची असण्याची शक्यता मोठी, आणि जॉनचा बाप आजोबांच्या आधी गेला. हे पॉलीच्या घराशी जुळतं. पण वारस म्हणून पॉलीच स्वतः नऊ भावंडांतली असू शकते, किंवा आडनाव तिच्या माहेरचं आणि ती अविवाहित. 1860मध्ये पॉलीच्या घरातली मुलं मोजा. तीन असतील तर बाकीच्या दोघांचे 1/27चे दस्त शोधा, विल्यमचा 1/9चाही सापडतो का पहा.

‘खासगीत विचारलं’ म्हणजे अधिकाऱ्याने नवऱ्यापासून बाजूला नेऊन बायकोची संमती घेतली. विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या एक-तृतीयांशावर हयातभर हक्क असायचा, तो सोडल्याची ती नोंद. तिथे फुली असेल तर सही येत नव्हती एवढंच.

दप्तरखाना

संपूर्ण-मजकूर शोधात आडनावाची वेगवेगळी स्पेलिंगं टाका. यंत्र जुनं हस्ताक्षर चुकीचं वाचतं, मोठा एस आणि एल तर हमखास. आडनाव गाळून ओढ्याचं नाव आणि ‘चेन कॅरियर’ असंही शोधून पहा.

रोअरिंग क्रीकवरची घरगुती दफनभूमी शोधाल तेव्हा जमीनमालकाला आधी फोन करा. ती बहुधा घराच्या वरच्या टेकाडावर असते, दगड पूर्वेकडे तोंड करून, कित्येक नुसते उभे रोवलेले, अक्षर नसलेले. मे-जूनमध्ये ‘डेकोरेशन डे’ला (कबरी साफ करून फुलं वाहण्याचा दिवस) घरचे लोक जमतात, तेव्हा गेलात तर कोणता बिनअक्षरी दगड कोणाचा हे सांगणारं कोणीतरी भेटतं. अक्षरं वाचायला खडू किंवा शेव्हिंग क्रीम लावू नका, दगड खराब होतो. आरशाने बाजूने तिरपा उजेड पाडून फोटो काढा. आणि प्रत्येक फोटोत शेजारचे दगडही येऊ द्या, कोण कोणाशेजारी पुरलं आहे हे नावाइतकंच महत्त्वाचं असतं.