मदत हवी आहे: कुस्तीच्या बाहुल्यांच्या फोटोतली तार कशी पुसायची?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. डब्ल्यूडब्ल्यूईच्या पैलवानांच्या बाहुल्या मांडून मोबाइलवर फोटो काढतो. एडिटिंग आत्ताच शिकायला घेतलंय.

सध्या १९९८ च्या ‘हेल इन अ सेल’ या बंद पिंजऱ्यातल्या कुस्तीमधला क्षण करतोय. अंडरटेकरने मॅनकाइंडला पिंजऱ्यावरून थेट समालोचकांच्या टेबलावर फेकलं होतं, तो. अजूनही अंगावर काटा येतो! मॅनकाइंडला बारीक तारेने टांगलं, मागे घरचीच सोलापुरी चादर लावली. स्नॅपसीड या फोटो एडिटिंग ॲपमधल्या हीलिंगने (नको ते पुसायच्या टूलने) तार जाते, पण तिथली चादरीची नक्षी फिसकटते. शिवाय मॅनकाइंडच्या मुखवट्याचा एक पट्टाही पुसला गेला, त्याचं फार वाईट वाटलं.

आता मोबाइल ट्रायपॉडवर ठेवून दोन फोटो काढावेत म्हणतोय, एक बाहुलीसह, एक नुसत्या चादरीचा. मग गिंप या कॉम्प्युटरवरच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फोटो लेयर (थर) म्हणून एकावर एक ठेवून मास्कने (लेयरचा नको तो भाग लपवून) तार झाकायची. हे बरोबर आहे का? दोन्ही वेळी फोकस आणि एक्स्पोजर लॉक करावं लागेल ना? आणि बाहुलीच्या अंगावरून जाणारी तार कशी काढता? टेबलावर पडणारी सावली खरी वाटेल अशी कशी रंगवायची, तेही सांगा. साधी चादर लावा म्हणू नका, नक्षी मला हवीच आहे.