'क्वांटम रिपीटर'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : प्रकाशीय संदेशवहनावरचा एक लेख मराठीत आणते आहे. रिपीटरसाठी 'पुनरावर्तक' वापरतात, म्हणून मी 'पुंज पुनरावर्तक' लिहिले. तपासणाऱ्यांनी खूण केली : हे उपकरण कशाचीच पुनरावृत्ती करत नाही. मग दुसरा कोणता शब्द?

उत्तर : खूण योग्य आहे. रिपीटर हा तारायंत्राच्या काळातला शब्द. क्षीण झालेला संदेश घ्यायचा आणि नव्या जोमाने पुढे धाडायचा, एवढेच त्याचे काम. प्रकाशतंतूतही संदेश क्षीण होतोच. 1550 नॅनोमीटर तरंगलांबीला दर किलोमीटरमागे साधारण 0.2 डेसिबल ऱ्हास होतो. 100 किलोमीटरवर शंभरातला एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, पोचतो. नेहमीच्या संदेशातल्या फोटॉनांची संख्या एर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या तंतूत उद्दीपित उत्सर्जनाने, म्हणजे एका फोटॉनने तसाच दुसरा बाहेर काढून, पुन्हा वाढवता येते. तो 'विवर्धक'.

एकट्या फोटॉनला हा उपाय चालत नाही. अज्ञात पुंज अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे वूटर्स आणि झुरेक यांनी, तसेच स्वतंत्रपणे डीक्स यांनी 1982 मध्ये दाखवले. ब्रीगेल, ड्यूर, सिराक आणि झोलर यांनी 1998 मध्ये सुचवलेला मार्ग म्हणूनच मला विलक्षण सुंदर वाटतो. लांबचे अंतर लहान टप्प्यांत तोडायचे. प्रत्येक टप्प्याच्या दोन टोकांमध्ये गुंफण (एंटँगलमेंट, म्हणजे दूरच्या दोन कणांच्या अवस्था एकमेकींशी बांधलेल्या असणे) निर्माण करून ती टिकवून धरायची. शेजारचे दोन टप्पे तयार झाले, की मधल्या ठाण्यावरच्या दोन कणांचे एकत्र मापन करायचे. मापनाचा निकाल साध्या मार्गाने कळवला, की एकमेकांशी कधीच संबंध न आलेली दूरची टोके गुंफलेली मिळतात. इथे प्रत नाही, विवर्धन नाही. आहे ते सांधणे. माझी सूचना : 'गुंफणसांधा'.

आणखी एक मत : 'गुंफण'ला पूर्ण पाठिंबा. 'गुंतागुंत' म्हटले की किचकटपणा डोळ्यांसमोर येतो आणि 'गुंतवणूक' पैशाकडे जाते. पण 'सांधा' नको. दोन प्रकाशतंतू वितळवून जोडतात, तोही सांधाच. एकाच लेखात दोन्ही आले तर वाचक फसेल. 'गुंफणजोडक' कसा वाटतो?

उत्तर : चांगला आहे, सांध्यापेक्षा नेमका. मी माझा शब्द मागे घेतो.

प्रश्न : लेखात 2017 मध्ये सुरू झालेल्या, सुमारे 2000 किलोमीटरच्या बीजिंग-शांघाय पुंज संदेशवहन मार्गाचाही उल्लेख आहे. त्यावरच्या मधल्या ठाण्यांनाही 'गुंफणजोडक'च म्हणू?

उत्तर : अजिबात नको. तिथे गुप्त किल्ली, म्हणजे संदेश कुलूपबंद करणारी अंकांची मालिका, टप्प्याटप्प्याने पुढे दिली जाते आणि प्रत्येक ठाण्यात ती उघडी असते, म्हणजे ठाण्यावर भरवसा ठेवावाच लागतो. त्यांना 'विश्वासू ठाणे' म्हणा. गुंफण जोडणाऱ्या ठाण्यावर असा भरवसा टाकावा लागत नाही; हा फरक पुसला गेला तर लेखातला सुरक्षिततेचा सगळा मुद्दाच हरवेल. पहिल्या उल्लेखात 'क्वांटम रिपीटर, म्हणजे गुंफणजोडक' असे लिहा, पुढे नुसते 'गुंफणजोडक' पुरेल. 'पुनरावर्तक' मात्र टाकून देऊ नका : प्रकाशाचे विजेत रूपांतर करून स्पंद नव्याने घडवतात, तिथे तोच शब्द बरोबर आहे.