मदत हवी: सकाळी ठणठणीत, दुपारी टर्बो झोपतो (२०१२ डिझेल, नागपूर)

विदर्भी_स्टिअरिंग
डिझेल सेदान, १.३ लिटर, व्हीजीटी (हलत्या पात्यांचा) टर्बो, १,३८,००० किमी झाले. सकाळी सहाला निघालो तर गाडी मस्त पळते. दुपारी शिवमडक्याहून समृद्धीला लागलो, ट्रक ओलांडायला पाय दाबला, की २,५०० आरपीएमच्या आसपास जीवच जातो. इंजिनचा दिवा लागतो आणि मग काही केल्या ८०च्या वर जात नाही. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की पुन्हा शहाण्यासारखी. मागून १२०ने येणारे हॉर्न मारतात ते वेगळंच.

फॉल्ट कोड पी०२९९. गॅरेजवाल्यानं बोनेट उघडून पाच मिनिटांत ‘टर्बो गेला’ सांगितलं, खर्च चाळीस हजारांच्या वर. टर्बो गेला असता तर सकाळी काहून चालून राहिला असता? निळा धूर नाही, शिट्टी नाही, ऑइल कमी होत नाही. आधी काय तपासू?

गरम_पोहे
डिझेल फिल्टर कधी बदलला?

विदर्भी_स्टिअरिंग
३,००० किमी आधी. एअर फिल्टरही तेव्हाच.

दहा_नंबरचा_पाना
भाऊ, पी०२९९चा अर्थ एवढाच, की ईसीएमनं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरनं, मागितला तेवढा बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब) मिळाला नाही. काहून मिळाला नाही, ते कोड सांगत नाही. तुमची लक्षणं बघता टर्बोला सगळ्यात शेवटी हात लावा.

या टर्बोतल्या व्हेन, म्हणजे ती हलती पाती, व्हॅक्यूमवर हलतात. व्हॅक्यूम पंपापासून बारीक नळी सोलेनॉइड व्हॉल्व्हला (विजेवर उघड-बंद होणारा), तिथून टर्बोवरच्या ॲक्च्युएटरला, जो दांडीनं व्हेन हलवतो. व्हॅक्यूम मिळाला की दांडी ओढली जाते, व्हेन मिटतात आणि कमी आरपीएमलाही टर्बो जोरात फिरतो. व्हॅक्यूम गळाला की व्हेन उघड्याच. बोनेटखालच्या रबरानं नागपुरी उन्हाचे इतके नवतपे काढलेत. गरम झाल्यावर ते सैल पडतं, चीर उघडते, रात्री पुन्हा आवळते.

गार इंजिनवर कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा आणि तुम्ही ॲक्च्युएटरची दांडी बघा. सुरू होताच पूर्ण ओढली गेली पाहिजे, बंद केल्यावर परत आली पाहिजे. मग दुपारी तासभर चालवून हेच करा. हाताचा व्हॅक्यूम पंप मिळाला तर थेट ॲक्च्युएटरला लावून ओढा. काटा मिनिटभर हलला नाही तर ॲक्च्युएटरच्या आतला रबरी पडदा, डायफ्रॅम, चांगला. दांडी अडखळत, झटक्यानं हलली तर आत काजळी धरली समजा, पण मग बहुतेक वेळा पी०२३४, म्हणजे ओव्हरबूस्टचा कोडही येतो.

आणि दांडीजवळचा ॲडजस्टमेंटचा स्क्रू कुणालाही फिरवू देऊ नका. ‘थोडा टाइट करतो साहेब’ म्हणणारे बरेच भेटतात.

कडू_चहा
इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा गार करणारा) होज पण बघा. माझा क्लॅम्पखाली फाटला होता, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. चढावर काळा धूर आणि फुस्स आवाज. आत ऑइलचा पातळ थर दिसला तर घाबरू नका, तेवढा असतोच.

विदर्भी_स्टिअरिंग
काळा धूर नाही, आवाज नाही. ब्रेकलाही त्याच पंपाचा व्हॅक्यूम लागतो आणि ब्रेक नेहमीसारखा, म्हणजे पंप ठीक असावा. फोनवर ब्लूटूथ स्कॅनर लावला. इंजिन बंद, नुसती चावी ऑन, तरी मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) ९७ केपीए दाखवून राहिला! शून्य नको का? चालवताना सकाळी २१०पर्यंत जातो, दुपारी १४०च्या वर नाही.

दहा_नंबरचा_पाना
९७ अगदी बरोबर. सेन्सर बाहेरच्या हवेचा दाबही धरून मोजतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर; मुंबईत हाच आकडा १०० किंवा १०१ दिसेल. २१०मधून ९७ काढा, ११३ उरले, म्हणजे एक बारच्या (१०० केपीए) थोडं वर. दुपारी ४३, अर्धा बारही नाही. सकाळी एवढा बूस्ट देणारा टर्बो बदलायचा कशाला? दांडी बघितली का?

विदर्भी_स्टिअरिंग
दोन दिवसांनी लिहितोय. गार असताना दांडी पूर्ण ओढली जाते, तासाभरानं अर्ध्यावरच लटकलेली. सोलेनॉइडपासून ॲक्च्युएटरला जाणारी नळी हीट शील्डला टेकून होती. वाकवली तेव्हा केसाएवढी चीर दिसली. आधी हुशारी करून घरातल्या फिश टँकची नळी लावली, ती गरम होऊन चपटी झाली आणि गाडी गेटापर्यंतही धड आली नाही. मग जाड भिंतीची व्हॅक्यूम नळी आणली, मीटरभर १२० रुपयांत, आणि शील्डपासून लांब बांधली. काल दुपारी दोनला समृद्धीवर २०८ आले, दिवा लागला नाही.

सोलेनॉइडवर छोट्या फिल्टरची टोपी आहे, ती धुळीनं गच्च भरलीय. साफ करू की सोलेनॉइडच बदलू?

दहा_नंबरचा_पाना
बदलू नका. टोपी काढून झटका, हलकी हवा मारा, परत बसवा. व्हॉल्व्हमध्ये कार्ब क्लीनर मात्र मारू नका, आतलं रबर फुगतं.